फ्रेम कशी लावायची? शॉर्ट फिल्म करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेजमधून, वर्कशॉप संपल्यावर चहाच्या टपरीवर, कधी कधी तर चालू शूटमधून रात्री उशिरा, हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून काढले. बहुतेक विचारणारे फोनवर किंवा मित्राच्या कॅमेऱ्यावर पहिली-दुसरी शॉर्ट फिल्म करणारे आहेत, तेव्हा उत्तरंही त्याच हिशोबाने दिलीत. सलग वाचायची गरज नाही, जो प्रश्न अडलाय तो वाचा. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तिथे तसा नंबर दिलाय.

१. कंपोझिशन म्हणजे नक्की काय? फ्रेम सुंदर दिसली पाहिजे, एवढंच ना?

सुंदर दिसली तर चांगलंच, पण तो बोनस. चौकटीत काय ठेवायचं, काय बाहेर काढायचं, आणि जे ठेवलंय त्यातलं प्रेक्षकाने आधी काय बघायचं आणि नंतर काय, हे ठरवणं म्हणजे कंपोझिशन. समजा सीन असा आहे की बाप जेवायला बसलाय, मुलगी वाढतेय, आणि तिला सांगायचंय की नोकरी सोडली. बापाचा चेहरा पुढे मोठा आणि मुलगी मागे ओट्याशी पाठमोरी, असं लावलं तर आपण बापाकडे बघत बसतो, आता हा काय म्हणेल. तेच मुलगी पुढे घेतली, हातात भाताचं पातेलं, आणि बाप मागे धूसर, की आपण तिच्या बाजूने अडकतो, ही बोलणार कधी. डायलॉग तेच, ताट तेच, सीन वेगळा. हे ठरल्याशिवाय ट्रायपॉड उघडू नका. 'इथून मस्त दिसतंय' हे फ्रेम लावायचं कारण होऊ शकत नाही, गच्चीवरून सूर्यास्त कुठूनही मस्तच दिसतो.

२. मी फोटोग्राफी करतो, फ्रेमिंग येतं. फिल्मसाठी वेगळं काय शिकायचं?

तीन गोष्टी. पहिली, वेळ. फोटो माणूस हवा तितका वेळ बघू शकतो, डोळा आरामात कोपऱ्यात जाऊन येतो. तुमचा शॉट तीन सेकंदांत जाणार असेल तर त्यात तीन सेकंदांत वाचून होईल इतकंच ठेवा.

दुसरी, हालचाल. स्थिर फोटोत सगळ्यात उजळ किंवा सगळ्यात रंगीत गोष्ट नजर ओढते, पण सिनेमात जे हलतं ते बाकी सगळ्यांना हरवतं. हिरोईन रडतेय आणि मागे टेबल फॅन मान फिरवतोय, तर लोक फॅन बघतात. खरंच बघतात, शेजाऱ्यांना दाखवून खात्री करून घ्या.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, आजूबाजूचे शॉट. सिनेमाची फ्रेम एकटी कधी नसतेच. आधीचा शॉट संपताना प्रेक्षकाचा डोळा जिथे होता तिथूनच तो पुढच्या शॉटमध्ये शिरतो. आधीच्या शॉटमध्ये चेहरा डावीकडे वर होता आणि पुढच्यात महत्त्वाची चिठ्ठी उजवीकडे खाली असेल तर शोधण्यात अर्धा सेकंद जातो, आणि शॉटच दीड सेकंदाचा असेल तर गेली चिठ्ठी. कधी कधी हे मुद्दाम करायचं असतं, प्रेक्षकाला गोंधळवायचं असतं, तेव्हा जरूर करा. फोटोग्राफर लोकांचे शॉट एकेकटे बघितले की देखणे असतात पण जोडले की अडखळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

३. रूल ऑफ थर्ड्स पाळायलाच पाहिजे का?

नाही. पण मोडण्याआधी तो काय काम करतो ते समजून घ्या. फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करा, रेषांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे महत्त्वाचं ठेवा, एवढाच तो आहे, फोनच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' चालू केलं की दिसतो. हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं. जमीन किती, आकाश किती, उजेड किती, सावली किती याचा त्याचा अंदाज होता तो. सिनेमाचा शोध लागायला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं बाकी होती, त्यामुळे सिनेमाचा कायदा म्हणून त्याच्याकडे बघण्यात अर्थ नाही.

कामाला कुठे येतो तर क्लोजअपमध्ये डोळे वरच्या रेषेच्या आसपास ठेवले की बहुतेक वेळा फ्रेम बसते, आणि क्षितिज बरोबर मध्ये आलं की फ्रेमचे दोन तुकडे पडतात तेही टळतं. नवशिक्याला 'सगळं मध्यभागी' या सवयीतून बाहेर काढायला हा नियम उत्तम आहे. मध्यभागी ठेवणं कधी बरोबर, ते प्रश्न १३ मध्ये.

आणि हो, तो गोल्डन रेशोचा गोगलगायीसारखा स्पायरल फ्रेमवर चिकटवून दाखवणारे व्हिडिओ असतात ना, त्यात वेळ घालवू नका. स्पायरल फिरवून, उलटा करून कुठल्याही फ्रेमवर बसवता येतो.

४. डोक्यावर जागा किती सोडायची? आणि माणूस बघतो त्या बाजूला जास्त का?

डोक्यावरच्या जागेला हेडरूम म्हणतात. मोजमाप नाही, पण शॉट जितका टाइट तितकी ती कमी. वाइडमध्ये (माणूस पूर्ण दिसतो) थोडी मोकळी, मिडमध्ये (साधारण कमरेपासून वर) बोटभर, टाइट क्लोजमध्ये कपाळ कापलं तरी चालतं, हनुवटी मात्र कापू नका, बोलताना ती आत-बाहेर करत राहते. नवीन माणसाच्या हातून हमखास होणारी गोष्ट म्हणजे चेहरा फ्रेमच्या मधोमध आणि वर निम्मी भिंत रिकामी, कारण फोकसचा चौकोन मध्ये असतो म्हणून डोकंही आपोआप तिथेच नेऊन ठेवलं जातं.

माणूस ज्या बाजूला बघतोय तिथे सोडतात ती लुकिंग रूम. तो डावीकडे बघत असेल तर उजवीकडे ठेवा. चालत असेल तर चालण्याच्या दिशेला जागा. उलटं केलं, म्हणजे नाक फ्रेमच्या काठाला आणि पाठीमागे मोकळी जागा, तर कोंडल्यासारखं वाटतं किंवा मागून कोणीतरी येणार असं वाटतं. तेच हवं असेल तर बिनधास्त करा. २०१३ च्या 'इडा' या पोलिश सिनेमात माणसं पार फ्रेमच्या तळाला आणि डोक्यावर भलंमोठं रिकामं, असे शॉट पूर्ण सिनेमाभर आहेत, आणि तो नन होऊ घातलेल्या मुलीचा सिनेमा आहे हे लक्षात आलं की त्या वरच्या जागेचं वजन कळतं. एकाच शॉटमध्ये असं केलंत तर लोकांना चूक वाटेल, पूर्ण फिल्मभर केलंत तर भाषा वाटेल.

५. कुठला आस्पेक्ट रेशो घेऊ? वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या की सिनेमॅटिक दिसतं म्हणतात.

पट्ट्यांनी सिनेमॅटिक दिसत नाही, फक्त पट्ट्या दिसतात.

आस्पेक्ट रेशो म्हणजे फ्रेमच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. थोडा इतिहास, कारण त्यातच उत्तर आहे. मूकपटांची फ्रेम १.३३:१ होती, बोलपट आल्यावर १९३२ मध्ये हॉलिवूडने १.३७:१ पक्की केली. टीव्ही घराघरात शिरायला लागला तसं लोकांना थिएटरात ओढायला १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, लांबलचक फ्रेम. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप सिनेमा १९५९ चा 'कागज के फूल'. आज थिएटरसाठी मुख्यतः १.८५:१ आणि स्कोप म्हणजे २.३९:१ चालतात, टीव्ही-फोन आडवा धरला तर १६:९, म्हणजे १.७८:१.

आता तुम्ही १६:९ मध्ये शूट करून एडिटला स्कोपच्या पट्ट्या टाकल्या तर उंचीचा जवळपास पाव भाग गेला. शूट करताना हे डोक्यात नसेल तर कपाळं आणि हात कापले जातात. करायचंच असेल तर आधी ठरवा आणि मॉनिटरवर किंवा फोनच्या स्क्रीनवर चक्क चिकटपट्टी लावून शूट करा.

निवड विषयावर करा. चाळीची गॅलरी, एसटी स्टँडचे फलाट, शेताचा बांध, आडवं पसरलेलं काही असेल तर स्कोप खुलतो. वाड्याचा जिना, लिफ्ट, दोन इमारतींमधली बोळ, किंवा फिल्मभर एकच माणूस एका खोलीत असेल तर स्कोपमध्ये दोन्हीकडे नुसत्या भिंती उरतात, तिथे १.६६ किंवा थेट १.३७ जास्त छान. एकाच सिनेमात रेशो बदलता येतो का असंही विचारतात. येतो, २०१४ च्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये १९३० च्या दशकाला १.३७, ६० च्या दशकाला स्कोप आणि नंतरच्या काळाला १.८५ असं केलंय. तिथे रेशो म्हणजे काळाची पाटी आहे. तुमच्याकडे असं कारण असेल तर करा.

६. फोनवर क्लोजअप घेतला की नाक मोठं दिसतं. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठणठणीत आहे, तुम्ही फार जवळ उभे आहात. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, फुल फ्रेमच्या भाषेत २४-२६ मिमीच्या आसपास, त्यामुळे चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर तुम्ही वीतभर अंतरावर जाता. तिथून नाक कानापेक्षा कितीतरी जवळ असतं म्हणून मोठं दिसतं. चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे, लेन्समुळे नाही. लेन्स फक्त ठरवते की त्या अंतरावरून किती भाग फ्रेममध्ये येणार. म्हणून मागे जा आणि टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा, पोर्ट्रेटला ८५ मिमी लोकप्रिय आहे ते याचसाठी.

हेच उलटंही वापरता येतं. लांबून टेलीने घेतलं की पुढचं-मागचं जवळ आल्यासारखं दिसतं, गणपतीच्या मिरवणुकीची गर्दी एकावर एक रचल्यासारखी दिसते. वाइडने जवळून घेतलं की त्याच गर्दीत आपण शिरतो, धक्के बसतात. गर्दी बघायचीय की गर्दीत असायचंय, ते आधी ठरवा मग लेन्स निवडा.

७. १८० डिग्रीची लाइन म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगा ना.

दोन माणसं बोलतायत, त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेष ओढा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. मग सुनीता कायम उजवीकडे बघेल, राजू कायम डावीकडे, आणि वेगवेगळे क्लोजअप जोडले तरी ते एकमेकांकडे बघतायत असं वाटेल. रेषेपलीकडे गेलात की दोघंही उजवीकडे बघायला लागतात, म्हणजे दोघं मिळून तिसऱ्याच कोणाकडे तरी बघतायत असं.

सेटवर म्हणून विचारतात, लुक कुठला? लेफ्ट लुक की राइट लुक? प्रत्येक क्लोजअपच्या आधी मास्टर शॉट, म्हणजे अख्खा सीन दाखवणारा वाइड, परत लावून बघा आणि लुक जुळवा. खांद्यावरून घेतलेले शॉट, ज्यांना आपल्याकडे सेटवर सजेशन म्हणतात, त्यात लाइन चुकली की लगेच कळतं कारण खांदाच चुकीच्या बाजूला येतो, सिंगल क्लोजमध्ये मात्र एडिटला बसल्यावरच कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

लाइन ओलांडायचीच असेल तर रस्ते आहेत. कॅमेरा चालू शॉटमध्ये फिरवून पलीकडे न्या, प्रेक्षक सोबत येतो. किंवा पात्रालाच चालवून दुसरीकडे न्या, नवी रेष तयार होते. किंवा मध्ये रेषेवरूनच एक शॉट द्या. चार-पाच माणसांची भानगड प्रश्न १६ मध्ये.

८. आम्ही एकांकिका करणारे. आमची फिल्म 'नाटकासारखी' दिसते असं सगळे म्हणतात. अभिनय जास्त होतो का?

अभिनयाचा संबंध कमी, ब्लॉकिंगचा, म्हणजे कोण कुठे उभं राहणार आणि कसं हलणार याचा, जास्त. 'पुरुषोत्तम' करंडकाच्या तालमीत वर्षानुवर्षं अंगात भिनलेलं असतं की प्रेक्षकाला पाठ नको, एकमेकांना झाकू नका, अर्धवर्तुळात उभे राहा. रंगमंचावर ते बरोबरच आहे, तिथे प्रेक्षक एकाच बाजूला बसलाय आणि शेवटच्या रांगेतल्याचंही तिकीट आहे. पण कॅमेऱ्यासमोर चार माणसं कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी एका रांगेत उभी राहिली की फ्रेम चपटी होते.

उपाय म्हणजे खोली वापरा, पुढून मागे जाणारी. एकाला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसवा, पाठमोरं चालेल, दुसरा मधल्या अंतरावर, तिसरा दाराच्या चौकटीत. आता कोणीतरी पुढे चालत आलं की मिडचा क्लोज आपोआप होतो, कट न करता. पाठ दाखवायला घाबरू नका, बातमी ऐकताना पाठमोरा असलेला माणूस कधी वळतो याची वाट बघण्यात जी मजा आहे ती चेहरा आधीच दाखवून मिळत नाही. आणि झाकणंही चालतं. एक पात्र दुसऱ्याच्या आड जातं, मग एक पाऊल बाजूला सरकतं आणि मागचा चेहरा उघडा पडतो, हा इफेक्ट फुकटात मिळतो, फक्त मार्क नीट हवेत. जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे लावा.

९. खोली दहा बाय दहाची आहे. कॅमेरा मागे न्यायला जागाच नाही. काय करू?

हा बहुतेक सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे आणि याला अल्ट्रा वाइड हे उत्तर नाही. अल्ट्रा वाइडने खोली मोठी दिसते, भिंती बाहेर झुकतात, आणि फिल्म खोली किती लहान आहे याबद्दल असेल तर तुम्ही पायावर धोंडा मारून घेतलात.

पहिलं, कॅमेरा खोलीच्या बाहेर काढा. दारातून, खिडकीच्या गजांमधून, गॅलरीतून आत बघा. दाराची चौकट फ्रेमच्या आत फ्रेम बनते आणि माणूस कोंडलेला दिसतो. दुसरं, भिंतीला भिडलेला कॉट ओढून पुढे घ्या. घरात सगळं फर्निचर भिंतीला टेकलेलं असतं, आणि माणूस भिंतीला चिकटून बसला की सावली थेट मागे पडते, पासपोर्ट फोटोसारखी. माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट सुटा करा. खोलीत असं कोणी बसत नाही असं वाटेल, कॅमेऱ्यातून कळत नाही. याला चीट करणं म्हणतात आणि सेटवर दिवसभर हेच चालतं, टेबल चीट कर, खुर्ची चीट कर. तिसरं, समोरच्या भिंतीवर काटकोनात बघण्याऐवजी कोपऱ्यातून तिरकं बघा, दहा फुटांच्या खोलीचा कर्ण चौदा फूट भरतो. चौथं, कपाटाचा आरसा. त्यात पाठीमागची बाजूही मिळते, फक्त कॅमेरामन आणि बूमवाला (लांब काठीवर माइक धरणारा) दिसत नाही ना ते बघा.

आणि सगळी खोली एका शॉटमध्ये दाखवायची सक्ती कोणी केलीय? स्टोव्ह, दोरीवरचे कपडे, कॉटखालची ट्रंक असे तुकडे दाखवले की बाकीची खोली प्रेक्षक स्वतः बांधतो.

१०. बॅकग्राउंड ब्लर असलं की प्रोफेशनल दिसतं ना?

महाग दिसतं. ब्लरने एक चेहरा वेगळा काढता येतो, पण तो माणूस कुठे आहे हेही पुसलं जातं. सगळी फिल्म ब्लर बॅकग्राउंडवर केली की ती पुण्यात घडली काय आणि पाटण्यात घडली काय.

सगळं शार्प ठेवणं म्हणजे डीप फोकस, त्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण १९४१ चा 'सिटिझन केन', कॅमेरामन ग्रेग टोलंड. पुढे मोठा ग्लास आणि औषधाची बाटली, मध्ये अंथरुणावर बाई, मागे दार, सगळं एकाच शॉटमध्ये. गंमत म्हणजे तो शॉट एका दमात घेतलेला नाही, तीच फिल्म कॅमेऱ्यात परत फिरवून तुकड्यातुकड्याने एक्स्पोज केलीय. तुमच्या फोनला लहान सेन्सरमुळे डीप फोकस जवळजवळ फुकट मिळतो आणि तुम्ही 'सिनेमॅटिक मोड' लावून तो घालवता, वर केसांच्या कडा आणि चष्म्याच्या काड्या कापल्या जातात. आहे ते वापरा.

११. लो अँगल म्हणजे पॉवरफुल, हाय अँगल म्हणजे दुबळा, बरोबर?

परीक्षेत लिहायला बरोबर. प्रत्यक्षात लहान मुलाच्या उंचीवरून बघितलं तर सगळेच मोठे लो अँगलला असतात, त्यातले निम्मे बिचारे असतात. अँगलचा अर्थ बाकीच्या फिल्ममध्ये कॅमेरा कुठे होता यावर ठरतो. सगळी फिल्म डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि एकदाच कॅमेरा खाली गेला तर तो जाणवतो. दर शॉटला वर-खाली करणाऱ्याचा कुठलाच अँगल काही बोलत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट, लो अँगलला छत दिसतं. पंखा, ट्यूबलाइट, वायरी आधी बघून घ्या.

१२. लाइट हा कंपोझिशनचा भाग आहे की वेगळा विषय?

पूर्ण भाग आहे. अंधारात जे आहे ते फ्रेममध्ये असूनही नसल्यासारखं, म्हणजे लाइट बंद करूनही तुम्ही फ्रेम कापताच. 'कागज के फूल'मध्ये कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत आरशांनी उन्हाचा झोत आणून सोडला. फ्रेम एवढी लांब, पण नजर त्या एका तिरक्या झोतावरून हलत नाही, दोन माणसं लहानशी उभी असूनही हरवत नाहीत. स्कोपची मोठी रिकामी जागा कशी भरायची याचं उत्तर त्यांनी न भरता दिलं.

दुसऱ्या टोकाला सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र. १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत बांधलं होतं, त्यावर त्यांनी पांढरं कापड ताणून लाइट त्यावरून उसळवून खाली आणला, सावल्या मऊ झाल्या. आज तुम्ही थर्माकोलच्या शीटने बाउन्स देता ते त्याच घराण्यातलं.

रंगाचं थोडक्यात: फ्रेममध्ये एकच लाल वस्तू असेल तर नजर तिथे जाणार, मग ती मागच्या दोरीवरचा टॉवेल का असेना. शॉट लावल्यावर डोळे किलकिले करून मॉनिटर बघा. जे आधी दिसतं ते हवं तेच आहे का? नसेल तर टॉवेल काढा.

१३. मध्यभागी ठेवणं कधी बरोबर? आमच्याकडे तर देवाधर्माचे शॉट सगळे समोरून, मधोमध असतात.

त्याला कारण आहे. दादासाहेब फाळके रविवर्मांच्या लिथो प्रेससाठी काम केलेले गृहस्थ, आणि देवाच्या छापील चित्रात देव समोरून, आपल्याकडे बघत असतो, कारण आपण दर्शन घेतोय. ती समोरासमोरची फ्रेम आपल्या सिनेमात सुरुवातीपासून आली. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकाराम भजनात असताना आपण कीर्तनाला समोर बसल्यासारखे बघतो. तिथे थर्ड्स लावून विष्णुपंत पागनीसांना कोपऱ्यात ढकललं असतं तर दर्शनच मोडलं असतं.

दुसरं कारण अगदी यांत्रिक आहे आणि प्रश्न २ शी जोडलेलं आहे. २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये सुमारे २७०० शॉट आहेत, पण डोकं गरगरत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळपास प्रत्येक शॉटमध्ये मध्यभागी ठेवलीय. डोळा एका जागी आणि शॉट भराभर बदलतात. तुमचा पाठलागाचा सीन कळत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे करून बघा.

१४. कॅमेरा हलवू की स्थिर ठेवू? गिंबल घेतलाय.

गिंबल (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) घेतलाय हे कारण नाही. कॅमेरा हलला की फ्रेम दर क्षणी नवी लावली जाते, म्हणून सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम आधी पक्की करा. शेवटच्या फ्रेमला काही नवं कळत नसेल तर मूव्ह कशाला?

स्थिर फ्रेम काय करू शकते ते २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये बघा. कॅमेरा लांब, न हलणारा, वकील-आरोपी-पट्टेवाले सगळे एकाच वाइडमध्ये, आणि कुणाकडे बघायचं ते तुम्हीच शोधायचं. शेवटाकडे सुट्टी लागते, लोक निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि कॅमेरा त्या काळोख्या कोर्टरूममध्ये तसाच थांबतो. क्लोजअप देऊन अन्याय दाखवता आला असता, इथे चौकटच यंत्रणेसारखी आहे, कोणासाठी हलत नाही. फक्त एक सांगतो, असा वाइड धरायचा तर मागच्या बाकावरच्या माणसालाही काम द्यावं लागतं. जुनिअर आर्टिस्ट नुसते बसवून वाइड दोन मिनिटं चालवला तर तो नुसता लांबलेला शॉट.

१५. ओझू लाइन तोडतो, मग आम्ही तोडली तर चूक का?

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू लाइन (प्रश्न ७) तोडतो हे खरं, १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'त सर्रास. पण सोबत तो काय काय सांभाळतो ते बघा. कॅमेरा कायम खाली, चटईवर बसलेल्याच्या नजरेच्याही किंचित खाली. लेन्स जवळपास नेहमी ५० मिमी. आणि दोन माणसं बोलताना दोघंही फ्रेममध्ये जवळजवळ त्याच जागी, त्याच मापात, लेन्सच्या अगदी शेजारी बघत. कट झाला तरी डोळ्याला हलावं लागत नाही, एक चेहरा जाऊन त्याच जागी दुसरा येतो. म्हणजे एक दोरी सोडली आणि तीन घट्ट धरल्या. तुम्ही लाइनही तोडणार, मापही वेगळं, उंचीही वेगळी, तर प्रेक्षक कशाला धरून बसणार?

१६. पंगतीत किंवा टेबलाभोवती पाच-सहा माणसं आहेत, मग लाइन कुठली धरायची?

त्या क्षणी ज्या दोघांमध्ये काही चाललंय त्यांच्यातली. सीनचे तुकडे पाडा, आधी आई-मुलगा, मग काका मध्ये बोलतो तेव्हा काका-मुलगा. प्रत्येक तुकड्याला आपली लाइन, आणि एकीवरून दुसरीवर जायला कोणाची तरी नजर वापरा. मुलगा आईकडून काकाकडे मान वळवतो त्या क्लोजअपवरून कट करा, प्रेक्षक त्याच्या मानेसोबत वळतो. मधूनमधून वाइड द्या म्हणजे कोण कुठे बसलंय ते ताजं राहतं. सगळ्यांचे सगळ्यांकडे बघणारे क्लोजअप घ्यायला गेलात तर रात्र होईल.

१७. एकच शूट थिएटरला आणि रीलला, दोन्हीकडे वापरता येईल असं कसं फ्रेम करू?

नाही करता येत नीट. १६:९ मधून ९:१६ कापलं तर रुंदीचा एक तृतीयांशही उरत नाही. त्यात बसवायला सगळं मधल्या पट्टीत ठेवलंत तर आडवी फ्रेम रिकामी, प्रश्न ८ मधली पुढून मागे जाणारी खोली वापरलीत तर उभ्यात एकच माणूस. मुख्य फिल्म एका रेशोसाठी करा आणि रीलसाठी दोन-चार शॉट वेगळे, कॅमेरा उभा करून घ्या. उभ्या फ्रेममध्ये खालच्या भागावर नाव-कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, तिकडे चेहरा नको.

१८. सबटायटल्ससाठी खाली जागा सोडायची का?

फेस्टिव्हलला पाठवणार असाल तर हो, विचार करा. पांढरा सदरा, पांढरं धोतर, उन्हातली फरशी खाली असेल तर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. महत्त्वाची चिठ्ठी किंवा हात अगदी तळाला नको. आणि वाचणाऱ्याचा डोळा सतत तळाला जाऊन येतो, म्हणून ज्या शॉटमध्ये चेहऱ्यावरचं बारीक काही बघायचंय तिथे डायलॉग कमी ठेवता आला तर उत्तम.

१९. पात्राने थेट कॅमेऱ्यात बघितलं तर चालतं का?

चालतं, पण ते एक हत्यार आहे, कारण इतका वेळ लपून बघणारा प्रेक्षक पकडला जातो. २०१३ च्या 'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याकडे येतो, तोही याचाच भाऊ. तोपर्यंतच्या फिल्मभर गावकरी त्याची मजा बघत असतात आणि आपणही बघत असतो, म्हणून तो लागतो. दहाव्या मिनिटाला असाच दगड मारला असता तर नुसता थ्रीडी इफेक्ट झाला असता. नटाची नजर चुकून लेन्सकडे गेली असेल तर मात्र रिटेक.

२०. वारीत शूट केलं. रिंगणात अश्व एका शॉटमध्ये डावीकडे पळतो, दुसऱ्यात उजवीकडे. दोन कॅमेरे होते, लाइन कोणीच ओलांडली नाही. मग चुकलं कुठे?

लाइन सरळ असते असं धरलंत तिथे. रिंगणात ती गोल आहे. समजा अश्व घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतोय. गोलाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला तो कुठेही असला तरी कायम डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो. गोलाच्या बाहेर, वारकऱ्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला तो अलीकडच्या बाजूने उजवीकडून डावीकडे, आणि पलीकडच्या बाजूला पोचला की डावीकडून उजवीकडे दिसतो. म्हणजे बाहेरचा कॅमेरा न हलताही दोन्ही दिशा देतो. आता मधला शॉट आणि बाहेरचा अलीकडचा शॉट शेजारी लावला की अश्व माघारी फिरल्यासारखा वाटणार.

एडिटला वाचवायचं असेल तर मधल्या कॅमेऱ्याच्या शॉटला बाहेरच्या कॅमेऱ्याचा पलीकडच्या बाजूचाच शॉट जोडा, दिशा जुळते. अलीकडचा शॉट वापरायचाच असेल तर मध्ये दिशा नसलेलं काहीतरी टाका, टाळ, भगव्या पताका, टापांखालची माती कपाळाला लावणारे हात, किंवा अश्व वळण घेऊन सरळ लेन्सकडे येतो तो क्षण. शॉट आडवा फ्लिप करू नका, पताकांवरची आणि दिंडीच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात आणि ते कोणाच्याही लक्षात येतं.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर टेकाड, टँकर किंवा एखाद्या घराची गच्ची आधीच बोलून ठेवा आणि एक पूर्ण गोल वरून घ्या. तो एक शॉट असला की प्रेक्षकाला वर्तुळ कळतं आणि मग बाकीचे शॉट दोन्ही दिशांनी गेले तरी खपून जातात.